पाणी कोणत्या टोकानं सोडायचं

आबा, आपल्या गावात आता रोज पाणी येतं. मागच्या आठवड्यात मी दोन दिवस गेले होते, तेव्हा सकाळी अंगणातली बादली भरून वाहत होती आणि तिच्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं. काकूची सून मोबाइलवर बोलत बोलत आली, पायानंच बादली सरकवली, दुसरी लावली. मी मात्र उठून नळ बंद केला. ती हसली, म्हणाली, ‘आत्या, जुनी सवय का?’ मी हो म्हटलं. तिला काय सांगणार? तिच्या जन्माआधी या गावात आठवड्याला एकदा पाणी यायचं, आणि ते कोणाच्या घरी किती यायचं हे तुमच्या हातातल्या एका लोखंडी चावीवर ठरायचं, हे तिला माहीत नाही. तुमच्याशी हे सगळं बोलायचं कितीतरी वर्षं राहून गेलंय. तुम्ही असताना आपण बोललोच नाही. बाप-लेकींनी असल्या गोष्टी बोलायची आपल्याकडे रीत नव्हती, आणि नंतर तुम्ही उरला नाहीत.

ती चावी तुमच्या हातात आली तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. त्याआधी तुम्ही फक्त मिस्तरी होतात. गावात आपलं सुताराचं एकच घर. लाकडी नांगर गेले, वखर लोखंडाचे आले, बैलगाडीच्या चाकांना टायर लागली, आणि तुमच्या वाट्याला खाटेचे पाय आणि मयताची तिरडी एवढंच राहिलं. वरच्या गल्लीत नाना राहायचे. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची, सरपंच कोणीही असला तरी शब्द त्यांचा. त्यांनीच तुम्हाला ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर लावलं. ‘मिस्तरी, तुन्हा हात लोखंडवर बी चालस, घे,’ असं म्हणाले होते, हे तुम्ही आईला किती वेळा सांगितलंत! कमरेएवढी उंच, वर आडवा दांडा असलेली ती चावी खांद्यावर टाकून तुम्ही निघालात की ओट्यावर बसलेल्या बायका पदर सावरून विचारायच्या, ‘आबा, आज पानी येवाव का?’ त्याआधी तुम्हाला कोणी आबा म्हणत नव्हतं. आपल्या ओट्यावर वांगी येऊन पडायला लागली, नवा गूळ यायला लागला, लग्नाच्या पंगतीत तुम्हाला आत बसवायला लागले. मी लहान होते, पण एवढं कळत होतं की तुम्ही ताठ चालायला लागला आहात.

टाकी वरच्या गल्लीच्या मागे, टेकाडावर. तिथून मोठी लाइन उतरायची, आधी नानांची गल्ली, मग मधल्या दोन गल्ल्या, मग नाला ओलांडून खालची वस्ती. वस्तीतली माणसं सातपुड्याच्या पायथ्याकडून कधीकाळी कापूस वेचायला, ऊस तोडायला आली आणि नाल्यापल्याड राहिली. त्यांची भाषा वेगळी, आपल्याशी बोलताना ती आपली अहिराणी बोलायची. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत एक वॉल होता, म्हणजे तुमच्या चावीनं फिरवून पाणी सोडायचा-अडवायचा व्हॉल्व्ह. तुम्ही आधी वरचा वॉल उघडायचात. वरच्या गल्लीचं भरून झालं तरी तो बंद करायचा नसायचा, कारण कोणाच्या ना कोणाच्या घरून निरोप यायचा, थोडं अजून राहू द्या. मग मधले वॉल. वस्तीचा वॉल उघडायचात तेव्हा टाकीत गाळ उरलेला असायचा. तुम्हाला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं, आबा. ‘त्यास्ले काय, त्या नदीवर जातस,’ असं तुम्ही म्हणायचात, आणि आई मान हलवायची. हीच आई वेचणीला वस्तीतल्या बायकांच्या जोडीनं जायची, त्यांच्याशी दिवसभर हसायची, आणि त्यांच्यातली कोणी आपल्या दारात पाणी मागायला आली की वरून ओंजळीत ओतायची. तांब्या हातात देत नव्हती. मला ते खटकत होतं असं म्हणणार नाही. सगळ्याच घरी तसंच होतं.

मी दहावी होऊन शिरपूरच्या होस्टेलवर अकरावीला गेले त्या वर्षी आपल्या गावाला नवीन ग्रामसेविका आल्या. बोदवडकडच्या होत्या. त्यांची बोली आपल्यापेक्षा वेगळी, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की बायकाही तोंडाला पदर लावायच्या. साध्या सुती साड्या, पायात बूट, कारण गावभर पायी हिंडायच्या. पहिल्याच ग्रामसभेत त्यांनी विचारलं, पाणी नेहमी वरूनच का सोडता? एका पाळीला वरून सोडा, पुढच्या पाळीला खालून सोडा. मी सुट्टीला आले होते, मारुतीच्या देवळापुढं बायकांच्या मागे उभी होते. नाना खुर्चीत बसले होते, त्यांनी अगदी प्रेमानं हसून सांगितलं, ‘बाई, पानी वरतून खालेच जास. हाई काय आम्ही ठरायं नही, देवनी ठरायं.’ सगळे हसले. बाईंनी विचारलं, ‘नाना, पाणी देवानं खाली धाडलं, पण वॉल तर ग्रामपंचायतीनं बसवलाय ना?’ यावरही एक-दोघं हसले, पण नानांकडे बघून गप्प झाले. आबा, नाना बोलले तेव्हा तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसला होतात.

त्या संध्याकाळी आपण जेवायला बसलो होतो. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. मी विचारलं, ‘आबा, वरचा वॉल बंद ठेवून खालचा उघडला तर पाणी सरळ वस्तीत जाईल ना?’ तुम्ही भाकरी तोडता तोडता थांबलात. मला वाटलं हात उगारणार. पण तुम्ही अगदी खालच्या आवाजात म्हणालात, ‘तू शिकी राहिनी ना? शिक. चावी मन्हा हातमां शे, ती मन्हा हातमां राहू दे.’ आई चुलीकडे तोंड करून बसली. पाणी कुठून कुठं जाऊ शकतं हे तुम्हाला माझ्याआधी आणि बाईंच्याही आधी माहीत होतं, हे मला त्या एका वाक्यात कळलं. गावात सगळ्यांनाच ते माहीत असावं. फक्त कोणी बोलत नव्हतं, आणि न बोलून बोलून ते देवानं केल्यासारखं झालं होतं.

मग उन्हाळ्याची सुट्टी. माझ्या वर्गातली वस्तीतली एकटीच मुलगी, नववीनंतर शाळेत दिसेनाशी झाली होती, तिला भेटायला मी गेले. ती नदीच्या वाळूत खड्डा करून वाटीनं पाणी भरत होती. मी विचारलं, शाळा का सोडलीस? ती म्हणाली, ‘हाई कोन भरी मंग?’ तिच्याबरोबर घरी आले तर वस्तीतल्या एका नळाभोवती लेकरं गोळा झालेली, खिदळत होती. पाण्याचा दिवस होता तो. एकेकजण नळाच्या तोंडावर तळहात ठेवायचा आणि ओरडायचा, ‘दख, नळ धरस!’ मीही हात ठेवला. नळानं माझा हात आत ओढला, आबा. पाणी यायच्या जागी नळ आतल्या आत हवा ओढत होता, आणि तळहाताची कातडी त्याला चिकटून बसत होती. मैत्रीण म्हणाली, पाणी सोडलं की असंच होतं. वर नानांच्या गल्लीत घरोघरी नळाला मोटरी लावलेल्या होत्या, त्या लाइनीतलं उरलंसुरलंही ओढून घेत होत्या. लेकरांना तो खेळ होता.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, ‘खोटं.’ नळ पाणी देतो, नळ ओढेल कसा? पण पुढच्या पाळीला वस्तीचा वॉल उघडून तुम्ही मला म्हणालात, ‘चाल, दखाड.’ अजून डोळ्यांपुढं आहे. वैशाखाचं ऊन, तुमचा सदरा पाठीला चिकटलेला, खांद्यावर चावी. तुम्ही नळापाशी उकिडवे बसता. इकडं तिकडं बघता. मग तळहात ठेवता. सगळी वस्ती दारांतून बघते आहे. तुम्ही हात लगेच काढत नाही. किती वेळ तसेच बसून राहता, जसं काही कोणी तुमचा हात धरून ठेवलाय आणि सोडवायची तुम्हाला लाज वाटते आहे. माझ्या मैत्रिणीची आई पुढं आली, नदीच्या पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन. ‘आबा, पानी ल्या.’ तुम्ही म्हणालात, ‘तहान नही.’ त्या उन्हात! ती बाई नुसती हसली, आणि तांब्या माझ्यापुढं केला. मी प्यायले. पाणी कोमट होतं, तळाशी वाळू होती. येताना नाल्यापाशी तुम्ही एवढंच म्हणालात, ‘मायले सांगू नको.’

पुढच्या पाळीला तुम्ही काय केलंत ते कोणाला आधी सांगितलं नाहीत. वरचा वॉल बंदच ठेवलात आणि सरळ खाली जाऊन वस्तीचा उघडलात. मैत्रीण सांगायची, पाणी इतक्या जोरात आलं की बायकांना वाटलं लाइन फुटली, त्या भांडी आणायच्याऐवजी दूर पळाल्या. मग कोणीतरी पहिली घागर लावली. इकडं नानांच्या गल्लीत मोटरी कोरड्या फिरून तापल्या, एकाची तर जळाली. माणसं आपल्या दारात आली. मला वाटलं आता तुम्ही सांगणार. तुम्ही डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि म्हणालात, ‘काय करू? वरचा वॉल अडकी गया.’

मला हसू आलं होतं आणि रागही आला होता. पुढच्या पाळीलाही वॉल अडकला. त्याच्या पुढच्या पाळीलाही. वस्तीचं भरून झालं की तुम्ही मधल्या गल्ल्या उघडायचात आणि सगळ्यांत शेवटी, घामाघूम होऊन, जणू फार खटपट केल्यासारखं वरचा वॉल ‘सोडवायचात’. मधल्या गल्लीतल्या बायकांच्या लक्षात आलं की त्यांनाही आता जास्त पाणी मिळतंय. आजवर त्यांना वाटत होतं की त्या वरच्या गल्लीच्या बाजूच्या आहेत.

एका सकाळी नाना स्वतः आले. आपल्या ओट्यावर ते पहिल्यांदाच बसले असतील. आईनं चहा केला, कपबशी दोनदा धुतली. नानांनी चहा संपवला आणि शांतपणे विचारलं, ‘मिस्तरी, वॉल कव्हय सुधरी?’

‘पार्ट धुळाहून येवाना शे, नाना.’

‘पार्ट.’ नाना हसले. मग तुमच्या या लेकीकडे बघून म्हणाले, ‘आंडेर शिरपूरले शिकस ना? होस्टेलमां मीच सांगेल व्हतं, याद शे ना?’

‘शे ना, नाना. उपकार शेतस तुम्हना.’

‘उपकार कसाले? आपला माणूस शे तू,’ असं म्हणून ते उठले. चावी आल्यापासून नानाही तुम्हाला आबा म्हणायचे; त्या दिवशी पुन्हा मिस्तरी म्हटलं, ते मी ऐकलं आणि तुम्हीही. नाना गेल्यावर आई म्हणाली, ‘बस झालं आते. वॉल सुधारी टाका.’ तुमची मान खाली होती. मला वाटलं सुधारणार.

ग्रामसभा त्यानंतर लगेच झाली. ग्रामसेविका बाईंनी वस्तीतल्या बायकांना घरोघरी जाऊन बोलावलं होतं आणि त्या खरंच आल्या. सतरंजी सोडून देवळाच्या पायरीच्या कडेला, मातीत बसल्या. बाई म्हणाल्या, वर या, सतरंजीवर. कोणी हललं नाही. तेव्हा आई मधल्या गल्लीच्या बायकांतून उठली आणि सतरंजीच्या अगदी टोकाला, त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मी नंतर विचारलं तर म्हणाली, तिथं वारा लागत होता. देवळापुढं त्या दिवशी पानही हलत नव्हतं.

नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘मिस्तरी, मारुतीनं देऊळ शे हाई. सांग, वॉल अडकेल व्हता का नही?’ तुम्ही उभे राहिलात. चावी तुमच्या हातात होती, तिचं टोक तुम्ही जमिनीत रुतवून धरलं होतं. मग तुम्ही म्हणालात, ‘नही, नाना. अडकेल नव्हता. मीच बंद करेल व्हता.’

‘काबं?’

का, ते तुम्ही कसं सांगितलंत हे मला आठवतंय. पाणी सगळ्यांचं असतं, माणसं सारखी असतात, असलं काहीही तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही आपला उजवा तळहात वर केलात, जसा काही त्यावर डाग पडलाय, आणि म्हणालात, ‘तठला नळ हात ओढस, नाना. दखी या तुम्ही.’ आणि खाली बसलात. मागून मधल्या गल्लीतला एक म्हातारा म्हणाला, ‘आबा खरं सांगस. आमले बी कमीच पडे.’ मग दुसरा बोलला. मग बायका. मी कधी बायकांना नानांसमोर बोलताना ऐकलं नव्हतं.

मला वाटलं होतं नाना चिडतील. ते चिडले नाहीत. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हात वर करून म्हणाले, मीसुद्धा हेच सुचवणार होतो, एका पाळीला वरून, एका पाळीला खालून, आणि नळाला मोटर कोणी लावायची नाही. ठराव झाला. टाळ्या पडल्या. मग त्याच आवाजात ते म्हणाले, मिस्तरी आता थकले, त्यांना आराम द्या, हे काम कोणा तरुण पोराला द्या. त्यालाही कोणी विरोध केला नाही. ग्रामसेविका बाई उभ्या राहिल्या, पण तुम्हीच त्यांना हातानं खूण केलीत, राहू द्या. तुम्ही पुढं जाऊन चावी टेबलावर ठेवलीत. ज्यांच्यासाठी तुम्ही बोललात ती वस्तीतली माणसंही गप्प होती. त्यांना नानांच्याच शेतात कामाला जायचं होतं, आणि तुम्ही त्यांचा कधी राग केला नाहीत.

त्यानंतर वरच्या गल्लीतून तुम्हाला काम आलं नाही. वांगी, गूळ बंद. तुम्ही धुळ्याला एका फर्निचरच्या कारखान्यात लागलात, आठवड्याला एकदा एसटीनं घरी यायचात, केसांत प्लायवूडचा भुसा घेऊन. मला म्हणालात, होस्टेल सोड, रोज येजा कर. मी केलं. नानांनी मला होस्टेलमधून काढलं नसतं कदाचित, पण त्यांनी ठेवलंय म्हणून राहायचं हे तुम्हाला नको होतं. ठराव काही वर्षं पाळला गेला, काही वर्षं नाही. मोटरी परत आल्या, परत निघाल्या. ग्रामसेविका बाईंची बदली झाली, पण बायका ग्रामसभेला यायच्या थांबल्या नाहीत. पुढं वस्तीसाठी वेगळी टाकी झाली. तिच्यावर नानांचं नाव आहे. मागच्या आठवड्यात मी ते वाचत उभी होते तर माझी ती मैत्रीण आली. ती आता तिथंच अंगणवाडीत सेविका आहे, तिची मुलगी नर्सिंग शिकते. आम्ही तिच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो. तुमचा विषय निघाला तेव्हा ती खळखळून हसली आणि म्हणाली, ‘तुन्हा बापनी आमना घरनं पानी पिनं नही, पन आमना घर पानी धाडं मात्र.’ तिच्या हसण्यात राग नव्हता. माफीही नव्हती. जे झालं ते तसंच होतं, एवढंच.

मी जळगावला राहते त्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी लिफ्टशेजारी पाटी लागली होती, घरकाम करणाऱ्या बायकांनी जिन्यानं जावं. मी मीटिंगमध्ये विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, ‘मॅडम, आमच्या मनात तसं काही नाही हो, लिफ्टवर लोड येतो.’ मला एकदम मारुतीचं देऊळ दिसलं. मी म्हटलं, माझ्याकडे येणाऱ्या मावशी माझ्या निम्म्या वजनाच्या आहेत. लोक हसले. पाटी निघाली नाही, पण मी मावशींना खाली जाऊन घेऊन यायला लागले, मग तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी तसं करायला लागल्या, आणि आता ती पाटी कोणी वाचत नाही. मी मोठं काही केलं असं नाही. पण कोणी म्हणालं की हे असंच असतं, याला इलाज नाही, की मी विचारते, वॉल कुठं आहे? लोकांना वाटतं बाई विचित्र आहे.

तुमच्याबद्दल मात्र मला एक सांगायचं आहे, त्यासाठीच हे सगळं लिहीत बसले. शाळेत शिकवायला लागल्यापासून तुमची गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगते. माझ्या गोष्टीत वॉल कधी अडकत नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्या गावासमोर तो बंद करता. वस्तीत तुम्ही तांब्या दोन्ही हातांनी घेता आणि घटाघट पाणी पिता. ग्रामसभेत तुम्ही चांगलं लांब बोलता, शुद्ध मराठीत, आणि ते भाषण माझं आहे, आबा, मी लिहिलेलं. घाबरलेले, खोटं बोललेले, तहान मारून उन्हात उभे राहिलेले तुम्ही फक्त या कागदांवर आहात, आणि हे कागद मी कोणाला दाखवणार नाही. उद्या धुळ्याच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलंय. तिथंही मी ती दुसरीच गोष्ट सांगणार आहे. खरी सांगावी असं दर वेळी ठरवते. पण त्या भाषणापाशी आले की मुलं टाळ्या वाजवतात, आणि तुमच्यासाठी टाळ्या वाजलेल्या मला फार आवडतात.